शरीरातलं रसायन, सहा टेबलं: सांगलीतल्या संचाच्या नोंदी

३ एप्रिल

काम असं आहे: अकरावी विज्ञान आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सहा टेबलं मांडायची. प्रत्येक टेबलावर शरीरातली एकच रासायनिक गोष्ट, आणि ती हाताने करून बघायची. पाण्याचा हिशेब, आम्ल-अल्काचा तोल, पडद्यातून काय जातं नि काय अडतं, क्षारांची तीव्रता, एन्झाइम (रासायनिक क्रिया भराभर घडवणारं प्रथिन) आणि हाड. गटात पाच जण, एका टेबलाला वीस मिनिटं. वीस मिनिटांत डोळ्यांना दिसत नाही ते मांडायचं नाही. खर्चाची मर्यादा पाच हजार.

खोली वरच्या मजल्यावर, दुपारी दोनला ३६ अंश. शरीराचं तापमान ३७, म्हणजे एन्झाइमसाठी गरम पाण्याची सोय करायला नको. सांगलीच्या उन्हाळ्याचा एवढाच उपयोग.

हाडाला दिवस लागतात म्हणून ते आजच लावलं. कोंबडीच्या तंगडीची चार हाडं, दोन कच्ची आणि दोन रश्शातली कुकरमध्ये शिजलेली. साफ करून प्रत्येकी १०० मिली व्हिनेगरमध्ये, वेगवेगळ्या बरण्यांत. किराणा दुकानात मिळणारं साधं व्हिनेगर, ४ टक्के ॲसिटिक आम्ल.

५ एप्रिल

पाण्याचं टेबल दोन तासांत झालं. ६० किलोच्या प्रौढ पुरुषात साधारण ६० टक्के पाणी, म्हणजे ३६ लिटर. त्यातलं २४ लिटर पेशींच्या आत, १२ बाहेर. बाहेरच्या बारापैकी रक्तद्रवाचं जेमतेम ३. वीस लिटरचा जार आणि चार लिटरचा कॅन मिळून पेशींचं पाणी, नऊ लिटरची बादली पेशींच्या मधलं, तीन एक-लिटरच्या बाटल्या रक्तद्रव. मुलांचा अंदाज नेमका उलटा असतो, सगळं पाणी रक्तात आहे असं वाटतं. बादलीशेजारी तीन बाटल्या ठेवल्या की बोलावं लागत नाही.

शेजारी तराज्यावर ४ ग्रॅम खिळे. अख्ख्या शरीरातलं लोखंड एवढंच, आणि त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये.

आम्ल-अल्कासाठी हळद घेतली. सांगलीत हळद सोडून दुसरं काय घेणार! राजापुरी हळद, १ ग्रॅम २० मिली स्पिरिटमध्ये घोळून गाळली, फिल्टर पेपरच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवल्या. सुरेख पिवळ्या झाल्या आणि कामाच्या नाहीत. हळदीचा रंग पीएच (आम्ल-अल्काचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साडेसातच्या पुढे हलायला लागतो, नीट लाल व्हायला साडेआठ ओलांडावे लागतात. जठररस दोनच्या आसपास, लघवी साडेचार ते आठ, रक्त ७.३५ ते ७.४५, हळदीला हे सगळं पिवळंच. चुन्याच्या निवळीत पट्टी कुंकवासारखी लाल होते, पण शरीरात चुन्याची निवळी कुठे असते? एक दुपार गेली. पट्ट्या डब्यात ठेवल्या, पुढे एका भलत्याच कामाला आल्या.

८ एप्रिल

हळदीऐवजी ब्रोमोथायमॉल ब्लू. पीएच ६.० ला पिवळा, ७.६ ला निळा, मधे हिरवा. रक्ताच्या आसपास रंग बदलणारं दर्शक हवं तर हेच. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या पीएच किटमध्ये बहुधा हेच असतं, पण बाटली १० मिलीची. सहा-सात गटांना पुरणार नाही म्हणून ५ ग्रॅम भुकटी मागवली (४२० रुपये). द्रावण असं: ०.१ ग्रॅम भुकटी १६ मिली ०.०१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे आम्ल-अल्काच्या तीव्रतेचं माप) कॉस्टिक सोड्यात घोटायची, मग पाणी घालून २५० मिली करायचं. नुसत्या पाण्यात भुकटी विरघळत नाही, तरंगत राहते. १०० मिली पाण्याला १५ थेंब पुरतात.

प्रयोग जुनाच: निळ्या पाण्यात नळीने फुंकायचं, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनिक आम्ल होतं, पाणी पिवळं होतं.

झालं नाही. दोन मिनिटं फुंकून पाणी निळ्याचं हिरवं झालं आणि तिथेच थांबलं. दर्शक दुप्पट केलं, तरी हिरवं. नळी बदलली, माणूस बदलला, हिरवंच. शंका भुकटीवर गेली, दर्शक पुन्हा नवं बनवलं. त्यात दोन तास गेले, आणि भुकटीचा काही दोष नव्हता.

९ एप्रिल

दोष पाण्याचा. टाकीत बोअरचं पाणी चढतं. त्याचं १०० मिली मापून मिथाइल ऑरेंज हे दुसरं दर्शक घालून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ब्युरेटने सोडलं. ८ मिली लागलं. म्हणजे लिटरमागे ८ मिलीमोल (रेणूंच्या संख्येचं माप) बायकार्बोनेट, आम्ल झेलणारा क्षार. पाणी तपासणीच्या भाषेत अल्कता ४०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या मानकात २०० हवी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते, तेव्हा हे पाणी काही अघोरी नाही. या भागातल्या बोअरला असं पाणी लागायचंच.

श्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड. कितीही फुंकलं तरी तो पाण्यात लिटरमागे दीड मिलीमोलच्या आतच विरघळतो. समोर ८ मिलीमोल बायकार्बोनेट असेल तर पीएच ७.१ च्या खाली जातच नाही, आणि ७.१ ला ब्रोमोथायमॉल ब्लू हिरवाच दिसतो. फसलेला प्रयोग मुळात बरोबर उत्तर देत होता.

म्हणून टेबल बदललं. आता एकाऐवजी चार ग्लास, प्रत्येकात १०० मिली:

पहिला, डिस्टिल्ड पाणी (बॅटरीचं, पाच लिटरचा कॅन ११० रुपये). उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आधीच पिवळसर होतं, म्हणून कॉस्टिकच्या एक-दोन थेंबांनी निळं करून घ्यायचं. थेंब ०.०१ नॉर्मलचे, जास्त नाहीत. दहा सेकंदांत पिवळं.

दुसरा, नळाचं कृष्णेचं पाणी. अर्ध्या मिनिटात हिरवं, नंतर पोपटी.

तिसरा, बोअर. हिरव्यावर थांबतं.

चौथा, लिटरला २ ग्रॅम खायचा सोडा. यात २४ मिलीमोल बायकार्बोनेट येतं, रक्तात असतं तेवढंच (२२ ते २६). हा फुंकून फुंकून निळाच राहतो, फार तर कडेला हिरवट झाक.

चौथ्या ग्लासात एकदा घोळ झाला. सोडा लवकर विरघळावा म्हणून मदतनिसाने पाणी उकळलं. उकळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, खायच्या सोड्याचा धुण्याचा सोडा. रंग निळाच असल्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. टाकून दिलेल्या हळदीच्या पट्ट्या इथे उपयोगी पडल्या: ताज्या सोड्याच्या पाण्यात पट्टी जेमतेम केशरी होते, उकळलेल्यात लालभडक. आता द्रावण केलं की आधी पट्टी बुडवायची. पाणी गार आणि सोडा त्याच दिवशीचा. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं.

११ एप्रिल

त्याच टेबलाचा दुसरा भाग, आम्ल थेंबांनी. डिस्टिल्ड पाण्याचा ग्लास ०.१ नॉर्मल आम्लाच्या एका थेंबाने पिवळा. सोड्याच्या ग्लासात ५ मिली म्हणजे शंभर थेंब घातले तेव्हा कुठे हिरवा. शंभर थेंब मोजायला मुलं लावली तर वीस मिनिटं त्यातच जातात, म्हणून सिरिंजने एक-एक मिली.

मग हिरव्या झालेल्या ग्लासात माशांच्या टाकीचा हवेचा पंप (२८० रुपये) सोडला. तीन-चार मिनिटांत पुन्हा निळा! आम्ल काढून घेतलेलं नाही, अल्क घातलेला नाही, फक्त हवा गेली आणि कार्बन डायऑक्साइड उडाला. फुप्फुसं हेच करतात. मधुमेहात रक्तात आम्ल साठलं की रुग्ण खोल आणि भराभर श्वास का घेतो, हे नर्सिंगच्या मुलांना या ग्लासापाशी सांगायचं, फळ्यापाशी नाही. मात्र ५ मिली आम्लाने खर्ची पडलेलं बायकार्बोनेट पंपाने परत येत नाही, ते काम मूत्रपिंडाचं आणि त्याला दिवस लागतात. ग्लास निळा दिसतो म्हणून सगळं पूर्ववत झालं असं मुलं लिहितात. त्याच ग्लासात पुन्हा आम्ल सोडायला लावायचं, या वेळी हिरवा व्हायला कमी मिली लागतात.

दोन सूचना. कागदी स्ट्रॉ मऊ पडतात, सलाईनच्या नव्या सेटची नळी कापून घ्यावी. नळीला वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडायचं, म्हणजे कुणी चुकून आत ओढलं तर तोंडात पाणी न येता हवा येते. आणि फुंकायचं आम्ल घालायच्या आधी. आम्ल घातलेल्या ग्लासात कुणी नळी लावायची नाही.

संध्याकाळी दीड तास लाइट नव्हती, पंप बंद. पंप नसला तर द्रावण दोन ग्लासांत वरून खाली शंभर वेळा ओतलं तरी निळं होतं. हात भरून येतात, पण होतं.

१२ एप्रिल

हाडं बघितली. नऊ दिवस झाले तरी कच्चं हाड टोकांना मऊ, मधे कडक. हिशेब करायला हवा होता. तंगडीच्या हाडात तीन-चार ग्रॅम खनिज, कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचं. ते विरघळवायला १०० मिली व्हिनेगरमधलं आम्ल कागदावर जेमतेम पुरतं, प्रत्यक्षात पुरत नाही, कारण आम्ल सौम्य आणि वापरलं गेलं की वेग मंदावतो. आता प्रत्येक हाडाला ३०० मिली, दर तीन दिवसांनी बदलायचं. कुकरमधली दोन्ही हाडं टाकली. शिजताना कोलॅजेनचं (हाडातल्या लवचीक प्रथिनाचं) जिलेटिन होऊन ते रश्शात उतरलेलं असतं. खनिज गेल्यावर वाकायला मागे काही राहत नाही, बोटांनी दाबलं की भुगा. कच्चंच हाड घ्या.

१३ एप्रिल

पडद्याचं टेबल. पिशवीत १ टक्का पिठाचं द्रावण (कॉर्नफ्लोर) आणि ५ टक्के ग्लुकोज, बाहेर ग्लासात आयोडीनचं पाणी. आयोडीन लहान, आत जाऊन पीठ निळंकाळं करतं. ग्लुकोज लहान, बाहेर येतं. पीठ मोठं, आतच राहतं. आयोडीनचं द्रावण नेहमीचं: आयोडीन १ ग्रॅम, पोटॅशियम आयोडाइड २ ग्रॅम, पाणी ३०० मिली. आधी आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवायचं, मग आयोडीन, मग उरलेलं पाणी. उलट केलं तर आयोडीनचे खडे तळाशी बसून राहतात.

डायलिसिसची नळी (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची) महाग म्हणून झिपलॉक पिशव्या वापरून पाहिल्या. वीस मिनिटांत आतलं पीठ निळंकाळं! पैसे वाचले असं वाटलं. मग बाहेरचं पाणी लघवीतल्या साखरेच्या पट्टीने तपासलं. साखर नाही. तासाने नाही, रात्रभर ठेवून सकाळीही नाही.

१४ एप्रिल

पिशवीला छिद्र असेल म्हणून आयोडीन गेलं, हा पहिला संशय. छिद्र असतं तर ग्लुकोजही आलं असतं. कारण वेगळं आहे. झिपलॉक पिशवी पॉलिथिनची, मेणाच्या जातीची. आयोडीनचा रेणू विद्युतभार नसलेला, अध्रुवीय, तो प्लास्टिकमध्ये विरघळून पलीकडे जातो. झाकणाला नि डब्याला पिवळे डाग पडतात ते त्यामुळेच. ग्लुकोज आयोडीनपेक्षा हलकं असूनही अडतं, कारण ते पाण्याचं, मेणात जात नाही.

म्हणजे झिपलॉक पिशवी फुकट गेली नाही. पेशीचा पडदा चाळणीपेक्षा याच पिशवीच्या जवळचा आहे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, स्टेरॉइड हार्मोन्स त्यातल्या स्निग्ध थरातून सरळ जातात. ग्लुकोजला प्रथिनांचं दार लागतं. ‘लहान असेल ते जातं’ एवढंच सांगून थांबलं तर मुलं पुढे ग्लुकोजची दारं उघडणाऱ्या इन्सुलिनपाशी अडकतात.

डायलिसिसची नळी मागवली, पाच मीटर ११५० रुपये. संचातली सगळ्यांत महाग वस्तू. आता टेबलावर दोन पिशव्या शेजारी-शेजारी, एक नळीची, एक पॉलिथिनची.

१७ एप्रिल

नळी आली. सपाट सुकी पट्टी असते, पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून अंगठा आणि तर्जनीत चोळली की तोंड उघडतं. १५ सेंटीमीटरचा तुकडा, खाली दुहेरी गाठ.

पहिल्या तीन तुकड्यांत बाहेरचं पाणीही निळं झालं. म्हणजे पीठ बाहेर आलं, गाठ गळते. गाठीच्या वर नळी दुमडून दोऱ्याने आवळली तेव्हा थांबलं. चौथ्यात पीठ बाहेर नाही, पण पट्टीने मिनिटभरातच साखर दाखवली. इतक्या लवकर शक्य नाही. भरताना बाहेरून ओघळलेलं ग्लुकोज होतं. भरल्यावर नळी वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवायची, आणि ग्लासात सोडल्या-सोडल्या एक पट्टी बुडवून ‘शून्य मिनिट’ लिहून ठेवायचं. ही शून्याची पट्टी नसेल तर बाकीच्या पट्ट्यांना अर्थ नाही. आयोडीन पट्टीच्या रंगात ढवळाढवळ करतं, म्हणून साखरेसाठी एक ग्लास साध्या पाण्याचा वेगळा ठेवला. व्यवस्थित धुतलेल्या तुकड्यात १० मिनिटांनी साखर, १५ ला ठळक. वीस मिनिटांच्या आत बसलं.

व्हिनेगर बदललं. हाड आता मधेही थोडं लवतं.

१८ एप्रिल

तीव्रतेच्या टेबलासाठी तासगावचे बेदाणे. साध्या पाण्यात फुगतात, मिठाच्या पाण्यात आकसतात असं दाखवायचं होतं. दहा बेदाणे ५.१ ग्रॅम. साध्या पाण्यात दोन तासांनी ६.६. दहा टक्के मिठाच्या पाण्यात ५.६. आकसायचे सोडून फुगले! मिठाच्या पाण्याची ताकद मोठी खरी, पण बेदाण्यात निम्म्याहून कितीतरी जास्त साखरच असते, आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा दाट. पाणी दाट बाजूकडे जाणारच. शिवाय दोन तास, म्हणजे वेळेच्या नियमातही बसत नाही.

आणखी एक. दुसऱ्या दुकानातले न बुडवता वाळवलेले मनुके याहून निम्म्या वेगाने फुगले. बेदाण्याची द्राक्षं वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या पाण्यात (लिटरला २५ ग्रॅम आणि १५ मिली) बुडवतात, सालीवरचा मेणाचा थर विस्कटून पाणी लवकर निघावं म्हणून. जिथून पाणी निघतं तिथूनच ते परत शिरतं. पडद्याच्या टेबलाला जोड म्हणून छान आहे, पण इथे कामाचं नाही. बेदाणे रद्द. पाकिटात उरलेले वाया गेले नाहीत, दोन दिवसांत संपले.

१९ एप्रिल

बटाटा. सोलून १ सेंटीमीटर जाडीच्या, ५ सेंटीमीटर लांब कांड्या, सोनारकामाचा छोटा काटा (०.०१ ग्रॅमचा, ६५० रुपये). पहिल्या दिवशी घरातले सुरकुतलेले बटाटे वापरले, ते सलाइनमध्येही फुगले. आधीच पाणी गमावलेला बटाटा कशातही पाणी ओढतो. ताजा, टणक बटाटा हवा.

द्रावणं चार. साधं पाणी. ०.९ टक्के मीठ, लिटरला ९ ग्रॅम, सलाइनची बाटली ती हीच, ३०८ मिलीऑस्मोल (लिटरमधल्या विरघळलेल्या कणांचं माप). ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्ये. आणि तेच पाकीट एका ग्लासात, २०० मिलीमध्ये.

चौथं मुद्दाम, कारण घरोघरी ही चूक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट २०.५ ग्रॅमचं: मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, ग्लुकोज १३.५. लिटरमध्ये २४५ मिलीऑस्मोल, रक्तद्रवापेक्षा (२७५ ते २९५) किंचित पातळ, म्हणून आतड्यातून पाणी आत ओढलं जातं. ग्लासात घातलं तर पाचपट, १२२५. मग पाणी उलटं आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात.

४० मिनिटांनी, सुरुवात प्रत्येकी ५.०० ग्रॅम: साधं पाणी ५.३६, लिटरभर ओआरएस ५.०८, सलाइन ५.०१, ग्लासातलं ओआरएस ४.४१. वीस मिनिटांत फरक निम्मा, तरी काट्यावर दिसतो. पण काट्यापेक्षा हात बरा: ग्लासातली कांडी एका टोकाला धरली की दुसरं टोक शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं खाली लोंबतं, साध्या पाण्यातली मोडताना कट्कन आवाज करते.

वजनात पहिल्यांदा ०.२ ग्रॅमपर्यंत गोंधळ होता, तो पुसण्याचा. कुणी कांडी दाबून पुसतं, कुणी नुसती झटकतं. आता टिश्यूवर चारही बाजूंनी एकदा लोळवायची, दाबायची नाही.

पाकीट घेताना मागचा मजकूर वाचा. लहान पाकिटं २०० मिलीचीच असतात, ती ग्लासात बरोबर आहेत.

२१ एप्रिल

एन्झाइमचं टेबल. १ टक्का पीठ, त्यात लाळ, दर मिनिटाला एक थेंब काढून टाइलवर आयोडीनमध्ये. निळा रंग यायचा थांबला की पीठ संपलं.

पहिली चूक, लाळ पातळ केली नाही. ३६ अंशांच्या खोलीत पहिला थेंब काढेपर्यंत पीठ संपलेलं. एकास वीस पातळ केली तेव्हा पाच-सहा मिनिटं मिळाली. सकाळी आठला हाच प्रयोग सावकाश चालतो, तेव्हा त्या दिवशीच्या तापमानाला आदल्या दिवशी तालीम करून प्रमाण ठरवावं.

दुसरी चूक महाग पडली. जठरात लाळेचं एन्झाइम बंद पडतं हे दाखवायला एका नळीत लिंबाचा रस घातला. निळा रंग येईल अशी अपेक्षा. रंग आलाच नाही, म्हणजे आम्लातही पीठ पचलं? तीन वेळा केलं, तेच. पुस्तक चुकीचं की लाळ वेगळी, इथपर्यंत चर्चा गेली. शेवटी लाळ न घालता नुसतं पीठ आणि लिंबू घेतलं, तरी रंग नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करून टाकतं, मग पीठ असलं तरी निळं होणार कशाने? एन्झाइमचा संबंधच नव्हता. लिंबाऐवजी व्हिनेगर घेतलं, रंग लगेच निळा आणि दहा मिनिटं तसाच. लाळेविना नळी सकाळीच लावली असती तर तीन तास आणि एप्रिलमधल्या भावाची दहा लिंबं वाचली असती.

उकळलेल्या लाळेची नळी (उष्णतेने एन्झाइम बंद पडतं हे दाखवायला) गार होऊ द्यायची. गरम पिठात आयोडीनचा निळा रंग उमटत नाही, गार झाल्यावर येतो. घाईत त्याचाही अर्थ उलटा लागतो.

२२ एप्रिल

पीठ गेलं, मग साखर आली का? साखरेच्या पट्टीने शून्य. पट्टीतलं एन्झाइम फक्त ग्लुकोज ओळखतं, आणि लाळेने पिठाचा होतो मुख्यतः माल्टोज. पट्टी खोटं बोलत नव्हती, तिला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. इथे माल्टोजही ओळखणारं बेनेडिक्टचं द्रावणच लागतं: २ मिली बेनेडिक्ट, ८ थेंब नमुना, उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, विटकरी. माल्टोजचं ग्लुकोज पुढे लहान आतड्याच्या अस्तरावर होतं. हे सांगायला पट्टी आणि बेनेडिक्ट दोन्ही शेजारी ठेवले. एक शून्य, एक विटकरी, नमुना एकच.

स्वच्छता: ज्याची लाळ त्याचीच नळी, धुणंही त्याचंच. वापरलेल्या नळ्या १ टक्का हायपोक्लोराइटच्या बादलीत अर्धा तास. व्हिनेगरच्या नळ्या त्या बादलीत टाकायच्या नाहीत, आम्ल आणि हायपोक्लोराइट मिळून क्लोरीन सुटतो. आम्लाची बादली वेगळी, रंगही वेगळा, आणि दोन्हींत चार पावलांचं अंतर.

२५ एप्रिल

पूर्ण तालीम, एक गट. आम्ल-अल्काला ३४ मिनिटं लागली. चौघांना एकाच वेळी फुंकायचं असतं आणि पाचव्याला पंपाचा प्लग. उपाय: चार ग्लास चौघांना वाटून द्यायचे, पाचव्याच्या हातात घड्याळ आणि नोंदवही. दुसऱ्या फेरीत २१.

बटाट्याची वेळ वाचवायला चार कांड्या अर्धा तास आधी सोडून ठेवायच्या. मुलं स्वतःची कांडी सोडतात आणि आधीची मोजतात. पडद्याच्या टेबलावरही एक पिशवी आधीची.

एका मुलीने बोअरच्या हिरव्या ग्लासाकडे बघून विचारलं, ‘सर, मग बोअरचं पाणी रक्तासारखं आहे का?’ नाही. बायकार्बोनेट रक्ताच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, शिवाय रक्तात हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनंही आम्ल झेलतात. पण प्रश्न येतो, म्हणून तिसऱ्या ग्लासावर ८ आणि चौथ्यावर २४ असं खडूने लिहिलं.

२७ एप्रिल

खर्च ४,२७० रुपये. नळी, काटा, दर्शक आणि पंप या चारांतच २,५०० गेले. त्या पुढच्या वर्षीही चालतील. काचसामान, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि आयोडीन प्रयोगशाळेत होतं. दिवस ठरवले होते दहा, लागले पंचवीस. त्यातले किमान सहा अर्धे-अर्धे दिवस तुलनेची नळी न लावल्यामुळे गेले.

उरलेली डायलिसिसची नळी भिजवली असेल तर पुन्हा वाळवू नये, तडकते. झाकणाच्या बरणीत, पाण्यात, फ्रिजमध्ये. दर्शकाची बाटली अंधारात. पाण्याचे जार खिडकीजवळ होते, त्यांत हिरवं शेवाळ धरलं. रिकामे करून उलटे ठेवले.

हाड तयार आहे. कच्च्यांपैकी एक पूर्ण वाकतं, सैल गाठही बसते. जोडीला तिसरं हाड अंगणात निखाऱ्यावर तासभर जाळून पांढरं केलं, म्हणजे कोलॅजेन गेलं आणि खनिज राहिलं. आकार तोच, पण टिचकीने तुकडा पडतो. घरात जाळू नका, जळक्या केसांचा वास दोन दिवस जात नाही. वाकणारं हाड एका रात्री टेबलावर उघडं राहिलं तर सकाळी वाळून पुन्हा कडक झालं होतं, मुलांना वाटलं बदललं. पाण्यात तासभर टाकल्यावर परत मऊ झालं. आता ते व्हिनेगरच्या बरणीतच ठेवलं आहे, टेबलावर आणायच्या आधी दोनदा धुवायचं.